साठ रुपये आणि एक शाल

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार

चिंधाभाऊ निवृत्त झाले त्याला सहा महिने झाले. वरणगावच्या फॅक्टरीच्या टूलरूममध्ये आम्ही एकोणीस वर्षं शेजारी शेजारी उभे होतो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझा स्वतःचा व्हर्निअर दोन दिवसांसाठी घरी मागितला, घरच्या शिलाई मशीनच्या कसल्याशा भागाचं माप घ्यायला. मी दिला नाही. "हत्यार मी कुणाला देत नाही, तुम्हाला माहीत आहे," असं वर ऐकवलंही. निरोपाच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मिठी मारली आणि मला लांबून नमस्कार केला. तो नमस्कार अजून सलतो. दिला असता तर काय झिजणार होता तो?

आज हे आठवायचं कारण वेगळंच. भटू सपकाळे भुसावळला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. रविवारी क्लास बंद, म्हणून आमच्या छंदी कारागीर मंडळाला तिथे बसू देतो. मंडळात कुणी रेल्वेची छोटी इंजिनं करतं, कुणी पवनचक्क्या. मी लाकडी भिंतघड्याळं करतो. चाकं, काटे, लंबक, सगळं हाताने. चाकाचे दाते आखण्यातच महिना जातो, आणि एक दाता चुकला की प्लायवुड चुलीत.

तर भटूने आज एक फ्लॉपी लावली. 'दंतचक्र' नावाचा प्रोग्राम. किती दाते, किती व्यास एवढं विचारतो आणि चाकाचं पुऱ्या मापाचं चित्र कागदावर छापून देतो. कागद प्लायवुडला चिकटवायचा आणि करवतीने कापत जायचं, बस. मी व्हर्निअर लावून तपासलं. केसाचाही फरक नाही. मला खुर्चीवरून उठवेना.

प्रोग्राम आपल्याच खान्देशातल्या माणसाने केलाय. हिलाल बागुल, दोंडाईचा. सुरू करताच पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर येतो: वापरून पाहा, मित्रांनाही वापरून पाहायला द्या. कामी आला तर साठ रुपये मनिऑर्डरने पाठवा. नोंदणी केलेल्यांना पुढची आवृत्ती घरपोच मिळेल. छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशीही पत्ता येतो. भटू म्हणाला, "कुठलंही बटण दाबा, जातं ते."

मी तिथल्या तिथे चार प्रती करून घेतल्या, जळगाव-फैजपूरच्या मित्रांसाठी. या वेळी हात आखडता घ्यायचा नाही असं ठरवलंय.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आमच्या हिने, म्हणजे लताने, टेबलावरचा कागद पाहिला. तळाचा पत्ता वाचला आणि म्हणाली, "पाठवले का साठ रुपये?"

मी म्हणालो, हा माझा छंद आहे, धंदा नाही. मी घड्याळं विकतो का? जो या प्रोग्रामवर कमावतो त्याने द्यावेत.

"कानशीचे पैसे दुकानात मोजून देता की नाही? तिथे सांगता का, छंद आहे म्हणून?"

आता हिला काय सांगावं! कानस एक असते. दुसऱ्याला दिली की आपल्याकडे उरत नाही. प्रोग्रामचं तसं नाही, तो केळीच्या कंदासारखा आहे. सावद्याला आमचे मोठे भाऊ, झिपरूभाऊ, नात्यागोत्यात गाडी भरून कंद देतात. परवाच म्हणत होते, "अरे, कंद देल्यानं बाग कमी व्हते का? ने तुले पाहिजे तितले." मी हे लताला सांगितलं. ती म्हणाली, "बाग भाऊंची आहे, म्हणून भाऊ देतात," आणि भाकरी थापायला निघून गेली.

साठ रुपये काही जड नाहीत. प्रश्न तो नाहीच. आपल्या माणसाला मनिऑर्डर पाठवायची म्हणजे त्याला परकं करायचं. सवड झाली की त्याला एक चांगलं पत्र लिहीन.

१२ डिसेंबर, रविवार

घड्याळ चाललं. पहिल्यांदाच माझी चारही चाकं एकमेकांत अडखळत नाहीत. फक्त टिकटिक करणारं चाक, ज्याला एस्केप चाक म्हणतात, ते या प्रोग्रामला जमत नाही. त्याचे दाते तिरके असतात. ते मी जुन्या रीतीने कानशीने घासून केलं आणि बोटांची सालं काढून घेतली.

हिलाल बागुलांना चार पानी पत्र लिहिलं. भरभरून स्तुती केली आणि एस्केप चाकाचं तेवढं पाहा म्हणून सुचवलं.

२३ डिसेंबर, गुरुवार

उत्तर आलं. अक्षर सुरेख आहे. वडील झुलालआबा दोंडाईच्याला घड्याळं दुरुस्त करतात, म्हणून दात्यांचं वेड लहानपणापासून. धुळ्याला शिकवायची नोकरी होती, ती यंदा सोडली आणि जुना कॉम्प्युटर घेतला. एस्केप चाकाचं काम चालूच आहे, दुसऱ्या आवृत्तीत येईल. पुढे लिहिलंय, ते उतरवून ठेवतो:

"वडिलांनी मला शेतावरच्या सालदारासारखे एक साल दिले आहे. गेल्या अक्षय्य तृतीयेला सुरू झाले, या आखाजीला संपेल. तोवर शंभर नोंदण्या झाल्या तर हेच काम करायचे. नाहीतर सुरतेला मेव्हण्यांचे साड्यांचे दुकान आहे. आपल्यासारखी सात-आठ माणसे भेटली आहेत म्हणून हुरूप आहे."

सात-आठ! मी एकट्यानेच पंधरा जणांना प्रोग्राम दिलाय. बिचाऱ्याला कल्पनाच नाही की आपलं नाव कुठवर गेलंय. त्याला हे कळायला हवं. असा माणूस साड्या विकायला गेला तर खान्देशाचं नाक कापलं जाईल.

२ जानेवारी १९९४, रविवार

मंडळाच्या बैठकीत मी हिलालचं पत्र वाचून दाखवलं. सगळे हळहळले. तोतारामभाऊ आमचे अध्यक्ष, लोकोशेडमधले जुने फिटर. ते म्हणाले, "मंग काय करायचं, भो? काहीतरी करायला पाहिजे पोरासाठी."

आणि मला कल्पना सुचली. सत्कार करायचा! नुसता हारतुऱ्यांचा नाही, झिपरूभाऊंच्या बागेत भरीत पार्टी ठेवून, जळगाव-बऱ्हाणपूरपासूनचे सगळे दंतचक्रवाले बोलवून. त्याला दिसू दे किती लोक त्याचं हत्यार वापरतात. सगळ्यांनी बाकं बडवली. वर्गणी प्रत्येकी एकशे एक, तीही कुरकुर न करता ठरली. मी माझं नवं घड्याळ त्याला भेट देणार आहे.

घरी आल्यावर लताला सांगितलं. ती म्हणाली, "एकशे एक दिले सगळ्यांनी?"

"लगेच."

"मग साठच जड होते का?"

हिला आनंदात विरजण घालायची सवयच लागली आहे. सत्कार वेगळा, आणि किंमत मोजणं वेगळं.

९ जानेवारी, रविवार

पत्रिका छापून आल्या. 'दंतचक्र वापरणाऱ्यांचा मेळावा'. हिलालने येतो म्हणून कळवलंय. किती लोक येतील असं दोनदा विचारलंय. मी लिहिलं, तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त.

१६ जानेवारी, रविवार

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही.

हिलाल भुसावळला गाडीतून उतरला तेव्हा मी फाटकापाशीच होतो. तिशीचा, बारीक चणीचा, पांढरा शर्ट, खांद्याला मोठी कापडी पिशवी. मला पाहताच वाकून नमस्कार केला. "तुम्ही होतात म्हणून आलो, नेहेतेभाऊ," म्हणाला. सावद्यापर्यंत जीपमध्ये भरभरून बोलत होता. तिरक्या दात्यांचं गणित त्याने पाकिटाच्या पाठीवर मांडून दाखवलं. मी एवढा मोठा झालो, पण हत्याराबद्दल इतकं प्रेमाने बोलणारा चिंधाभाऊंनंतर हाच भेटला.

बागेत सतरंज्या घातल्या होत्या. तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती. प्रास्ताविक माझं. मी म्हणालो, हिलालभाऊंना वाटतं त्यांचा प्रोग्राम सात-आठ जण वापरतात. आता जे जे वापरतात त्यांनी उभं राहावं. एकेक करत बेचाळीस जण उभे राहिले! हिलालही उठून बघू लागला. मोजताना त्याचे ओठ हलत होते. चेहरा असा उजळला की मला वाटलं, या एका क्षणासाठी सगळी धडपड केली ते बरं झालं. त्याने पिशवी पुढे ओढून तिचा बंदही सोडायला घेतला. तेवढ्यात तोतारामभाऊ शाल घेऊन पुढे आले.

शाल, श्रीफळ, माझं घड्याळ, सन्मानपत्र. चार जणांची भाषणं झाली. बऱ्हाणपूरच्या एकाने सांगितलं की त्याने पुढे नागपूरपर्यंत प्रती पोचवल्यात. अकोल्याचा म्हणाला, असं ज्ञान फुकट वाटणारा माणूस विरळा. टाळ्यांवर टाळ्या. मग हिलालला बोलायला सांगितलं. तो शाल सावरत उभा राहिला. "इतके जण वापरत असतील असं मला वाटलं नव्हतं," म्हणाला. अजून काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही, खाली बसला. गहिवरला बिचारा.

केळीच्या पानावर भरीत, कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. तो फार जेवला नाही. जेवताना मी विचारलं, "दुसरी आवृत्ती झाली का?" म्हणाला, झाली, आणलीये. मी म्हणालो, "एकच द्या मला. बाकीच्यांना आम्ही भटूकडे प्रती करून देतो. तुम्हाला कशाला त्रास!"

तो पानावरून उठला. मग हात धुऊन आला आणि पिशवीतून एक फ्लॉपी काढली. तिच्यावर आधीच माझं नाव लिहिलेलं होतं! केवढा मान दिला. निघताना झिपरूभाऊ त्याच्या पिशवीत केळीच्या फण्या घालायला गेले तर घाईने म्हणाला, "नको, आत कागद आहेत." शेवटी फण्या हातात दिल्या. एका हातात केळी, एका हातात घड्याळ, खांद्यावर शाल, असा गाडीत बसला. मी गाडी हलेपर्यंत हात हलवत होतो. तो खिडकीत बसून समोरच्या बाकाकडे बघत होता. दमला असणार.

२३ जानेवारी, रविवार

भटूकडे आज दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती केल्या. सगळ्यांना पुरल्या. एस्केप चाक निघतं! तोतारामभाऊ म्हणाले, "सत्कार वसूल झाला, भो."

२० फेब्रुवारी, रविवार

एस्केप चाकात गोची आहे. तीस दात्यांचं चाक कापलं, बसवलं. घड्याळ दोन तास चालतं आणि थांबतं. फैजपूरच्या मित्राचंही तेच. दात्याचा तिरकेपणा कुठेतरी किंचित कमी पडतोय. हिलालला नीट आकृती काढून लिहिलं. दुरुस्त करून पाठवा, इकडे सगळे खोळंबलेत, असंही लिहिलं. शेवटी जरा रागावूनच लिहिलं की काय, आता आठवत नाही.

३ मार्च, गुरुवार

हिलालचं पत्र. इथे सगळंच चिकटवून ठेवतोय, कारण मला ते पुन्हा पुन्हा वाचावं लागणार.

"आ. नेहेतेभाऊ, सा. न. वि. वि. आपण लिहिलेली चूक खरी आहे. दुरुस्तीला पंधरा दिवस लागतील, पण सध्या शिकवण्या घेतो आहे, त्यामुळे सवड नाही. राग मानू नये. आपल्या पत्रात 'आमची आवृत्ती' असे लिहिले आहे, म्हणून एक सांगतो. दुसरी आवृत्ती नोंदणी केलेल्यांसाठी होती. आपली मनिऑर्डर नोव्हेंबरमध्ये मिळाली, आपला नोंदणी क्रमांक सात. म्हणून आपले नाव घालून ती आणली होती. ती आपल्या हक्काची होती, आपल्या एकट्याच्या. मेळाव्याला येताना पावतीपुस्तक आणि तीस फ्लॉप्याही आणल्या होत्या. बेचाळीस जण उभे राहिले तेव्हा वाटले, फ्लॉप्या कमी पडणार. पण अंगावर शाल असताना पावतीपुस्तक काढणे बरे दिसेना. जेवण फार चांगले होते. झिपरूभाऊंना नमस्कार. आपला, हिलाल."

मी मनिऑर्डर पाठवलीच नव्हती.

लताला विचारलं. तिने डब्यातून पावती काढून समोर ठेवली. "तुमच्या नावाने पाठवले होते. तुम्ही पाठवणार नव्हता आणि त्याचा कागद रोज टेबलावर पडलेला बघवत नव्हता मला."

मी तिच्यावर ओरडलो. काय वाटेल ते बोललो. मला विचारल्याशिवाय, माझ्या नावाने, माझी अब्रू घालवली, असं. अब्रू! तिने मला जेवायला वाढलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. त्या पावतीवरच तर माझी अब्रू टिकून होती.

४ मार्च, शुक्रवार

टूलरूममध्ये एका नव्या पोराने न विचारता माझी कानस उचलली. सवयीने ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तो घाबरून कानस ठेवून गेला. दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही. हिलालच्या पिशवीत तीस फ्लॉप्या होत्या आणि मी त्याला म्हणालो, तुम्हाला कशाला त्रास. त्याने माझ्या घासाची लाज राखली. मी त्याच्या कामाची राखली नाही.

१३ मार्च, रविवार

मंडळात उभा राहून सगळं सांगितलं. लताचंही. म्हणालो, प्रत्येकाने साठ-साठ काढा, मी नेऊन देतो. आखाजीला अजून दोन महिने आहेत.

एक-दोघे घड्याळाकडे बघू लागले. मग तोतारामभाऊ म्हणाले, "अरे, सत्कार केला ना त्याचा? आता अजून काय पाहिजे त्याले?"

"शाल खाणार आहे का तो?"

"तूच तर म्हणत होता, कंदासारखं असतं म्हणून."

खरंच, मीच म्हणत होतो. प्रत्येक फ्लॉपीबरोबर ते कंदाचं सांगत गावोगाव फिरलो. आता कुठल्या तोंडाने परत घेऊ? भटूने साठ दिले. पवनचक्कीवाल्याने दिले. एकाने वीस दिले आणि पुढच्या रविवारी बाकीचे म्हणाला. फैजपूरच्या मित्राने विचारलं, "पण त्यात चूक आहे ना? चालत नाही त्या हत्याराचे पैसे कसे मागतोस?" मी म्हणालो, ती चूक दुरुस्त करायला तो माणूस जागेवर राहायला हवा. तो म्हणाला, आधी दुरुस्त करू दे.

१० एप्रिल, रविवार

आतापर्यंत नऊ जणांनी दिले. इतके थोडे घेऊन जायला लाज वाटते. निदान वीस तरी होऊ देत.

लताशी बोलणं जेवणापुरतंच चाललंय. चूक माझी आहे हे तिला सांगायचंय, रोज राहून जातं.

१ मे, रविवार

जळगावला दोघांकडे जाऊन आलो. एक घरी नव्हता, एक असून नव्हता. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज येत होता. चौदा झाले. लता आज आपणहून म्हणाली, "आहेत तेवढे घेऊन जा. त्याला पैशांपेक्षा तुम्ही आलेलं बरं वाटेल." मी म्हणालो, आखाजीला फॅक्टरीतले अर्धे लोक गावी जातात, रजा मिळणार नाही, रविवारी जातो. शुक्रवारी आखाजी, रविवार पंधरा तारखेला. दोन दिवसांनी काय बिघडतं? तोवर वीस होतील.

१५ मे, रविवार

सुरतेच्या गाडीने दोंडाईच्याला उतरलो. ऊन असं की पाय उचलवेना. झुलालआबांचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. बाजारात एक लहानशी काचेची पेटी, तिच्यामागे आबा, डोळ्याला भिंग लावून बसलेले. मी नाव सांगितलं.

"वरनगावना नेहेतेभाऊ? या, या, बठा. तुमनं नाव रोज निघे घरमा." त्यांनी भिंग काढून ठेवलं, चहा सांगितला.

"हिलालभाऊ?"

"गया ना तो. आखाजीनी पुरनपोळी खादी, नि दुपारनी गाडीवर सुरतले चालना गया. मेव्हनानं दुकान शे तठे."

"आणि कॉम्प्युटर?"

"इकी टाका. आते काय करता तो ठीसन?" म्हणजे तोही विकला होता. आबा पुढे सांगू लागले. "मीच त्याले साल दिधं व्हतं. साल सरनं तवय मी इचारं, आखो एक साल देऊ का? हातमा काम शे, डोया शेतस मना अजून. तो म्हने, नही आबा."

मी खाली बघत होतो. आबांनी चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

"तुमना सत्कारहून उना तवय गयरा हासी राह्यना व्हता. माले म्हने, आबा, बेचाळीस मानसे उभा राह्यनात. मी म्हनं, मंग त काम व्हई गयं ना तुनं! त्यानी शाल घडी करीसन पेटीमा ठी दिधी." मग माझ्याकडे पाहत विचारलं, "भाऊ, तुम्ही लिखेल-पढेल मानसे. माले एक सांगा. बेचाळीस लोके वापरतस, बठ्ठा चांगलं म्हनतस, मंग पोऱ्यानं पोट का नही भरनं?"

त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळलेलं नव्हतं. आयुष्यभर घड्याळ दुरुस्त करून हातात दिलं की गिऱ्हाईक पैसे देतं, एवढंच त्यांनी पाहिलेलं. मी म्हणालो, "आबा, आम्ही पैसे दिले नाहीत. आमच्यामुळे गेला तो." ते ऐकून त्यांचा चेहरा बदलला नाही. बहुतेक त्यांना वाटलं मी मोठेपणाने बोलतोय.

पाकीट पुढे केलं तर म्हणाले, "हाई कसानं?" मी सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला. "त्याना काममा मी कधी पडनु नही. त्याले लिखा तुम्ही, मी पत्ता देस. तो जसं सांगी तसं करा." दोनदा आग्रह केला, घेतलं नाही. चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

स्टेशनवर गाडीला दीड तास होता. शुक्रवारी दुपारी तो याच फलाटावर उभा असेल, आणि मी तेव्हा टूलरूममध्ये बसून डब्यातला आमरस खात होतो. एक दिवस रजा टाकली असती तर? नऊ जणांचे घेऊन एप्रिलमध्येच आलो असतो तर? आबा त्याला आणखी एक साल देत होते. आमच्यापैकी कुणीतरी येऊन "थांब" म्हणायला हवं होतं, एवढंच.

१६ मे, सोमवार

लताला सगळं सांगितलं. तिच्यावर ओरडलो होतो त्याबद्दलही बोललो. ती म्हणाली, "ते मी विसरले. पण तो गेला ना." आणि पदराने डोळे पुसले. तिने त्याला पाहिलंही नव्हतं.

सुरतेच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. या वेळी एकच पान. ती मनिऑर्डर लताने केली होती हे कळवलं. मग गोळा केलेले पैसे कुठे पाठवू, आणि परत येशील का, एवढंच विचारलं.

५ जून, रविवार

काल हिलालचं उत्तर आलं, दुकानाच्या नावाच्या कागदावर.

लिहितो, इकडे ठीक आहे. दिवसभर उभं राहावं लागतं पण मेव्हणे चांगले आहेत. परत येण्याचा विचार नाही, आता कॉम्प्युटरही नाही आणि तिरक्या दात्यांचं गणितही पुसट झालं. आपल्याला कसलाही दोष देत नाही. आपल्या घरून आलेली मनिऑर्डर ही माझ्या अकरा नोंदण्यांतली एक, ती मी विसरणार नाही. मग शेवटचं:

"आपण गोळा केलेले पैसे ज्याचे त्याला परत करावेत. ज्या हत्याराची चूक दुरुस्त करणारा कोणी नाही त्याचे पैसे घेणे मला योग्य वाटत नाही. यापुढे दंतचक्र सर्वांना मोफत आहे. ज्यांना हवे त्यांना खुशाल द्यावे. माझी परवानगी आहे, हे मंडळात कृपया वाचून दाखवावे."

वाचून दाखवावे असं लिहिलं होतं म्हणून आज मंडळात वाचून दाखवलं. 'मोफत' शब्द आला आणि मागच्या रांगेतून टाळी पडली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. तोतारामभाऊ खूश होऊन म्हणाले, "पाहा, मी म्हणत होतो ना, दिलदार माणूस आहे!" अकोल्याच्या पाहुण्याने आभाराचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला.

मी चौदा जणांना त्यांचे पैसे परत केले. एकानेही नको म्हटलं नाही.